कॉलेजच्या आवारात राहून काय मिळालं? (अनुभव धागा)

चांदणवेल
काल भाचीचा प्रवेशअर्ज भरताना 'वसतिगृह हवे का?' या रकान्यापाशी आले आणि सगळं आठवलं. माझ्यासाठी सगळ्यात मोठा फायदा म्हणजे वेळ. रोज येऊन-जाऊन करणाऱ्या मैत्रिणी शेवटचा तास संपला की बस गाठायला पळायच्या. आम्ही तिथेच. प्रयोगाचं उत्तर जुळलं नाही तर संध्याकाळी परत लॅबमध्ये जाता यायचं, वाचनालय बंद होईस्तोवर बसता यायचं. मॅडम फिरायला निघाल्या की त्यांच्याबरोबर चालत शंका विचारायचो. इतकं वर्गात कधी विचारलंच नसतं. तुम्हीही लिहा, लहान-मोठं काहीही.

रानवाट
रूममेट!! मी अर्थशास्त्र, ती वनस्पतिशास्त्र. तिची पानं-फुलं वाळायला माझ्या गादीखाली. अजून रस्त्याने जाताना पानांच्या शिरा बघते.

मध्यंतर
पुस्तकं. वरच्या वर्गाची जुनी मिळायची, समासातल्या टिपणांसकट. त्या टिपणांवरच पास झालो म्हणा ना.

खिडकीपाशी
ताप १०३, रात्रीचे दोन. शेजारच्या खोलीतल्या मुलांनी उचलून कॉलेजच्या दवाखान्यात नेलं. त्यातल्या एकाशी तोवर साधं बोलणंही नव्हतं. आता त्याच्या आईबाबांकडे मी हक्काने जातो. बाकी फायदे असतील, पण मला हाच आठवतो.

गणिती
@खिडकीपाशी, शेजारच्या खोलीचं महत्त्व खरंच फार. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीवर फेस्टिंगर, शॅक्टर आणि बॅक या संशोधकांनी अभ्यास केला होता, १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. दारं जितकी जवळ, तितकी मैत्री जास्त. जिन्यालगत राहणाऱ्यांच्या तर वरच्या मजल्यावरही जास्त ओळखी. आमची खोली पाण्याच्या कूलरला लागून, अख्खा मजला ओळखीचा झाला.

पायवाट
मी दोन बस बदलून यायचे. खोल्या कमी, यादीत नाव लागलं नाही. संध्याकाळची नाटकाची तालीम, गटाने अभ्यास, सगळं हुकलं. हेवा वाटायचा, आजही वाटतो. आणि आमच्याकडे मुलींच्या वसतिगृहाचं फाटक लवकर बंद, मुलांचं उघडं. मग रात्रीच्या वाचनालयाचा फायदा कोणाला?

चांदणवेल
@पायवाट, अगदी खरं गं. आमच्याकडे मुलींनी सह्या गोळा करून, वॉर्डनच्या मागे लागून वेळ वाढवून घेतली. पहिल्या रात्री वाचनालयात बसायला जागा उरली नव्हती!

मध्यंतर
वा! हे वाचून छान वाटलं.

खिडकीपाशी
@रानवाट, मुलीला शाळेसाठी पानं वाळवायची आहेत. कागद रोज बदलायचा की दिवसाआड?

रानवाट
सुरुवातीला रोज. ओला राहिला की बुरशी धरते. वर्तमानपत्र चालतं. वर जड पुस्तकं ठेव, आणि जाड देठ असेल तर आधी उभा चीर दे. बाकी रात्री लिहिते, कुकर लावलाय.