घरच्या जेवणाला पहिल्यांदाच वाईन आणताय? जाणकारांनी नेमकं सांगा

बेत असा धरा. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुकं मटण, दोघातिघांसाठी भरली वांगी, ज्वारीची भाकरी. माणसं आठ, त्यांतली पाच वाईन घेणारी. सांगली-साताऱ्याकडे असा बेत आता बऱ्याच घरांत ठरतो, पण वाईन शॉपच्या काउंटरवर गाडी अडते. कुठली घ्यायची, किती घ्यायची, थंड करायची का? ज्यांना यातलं कळतं त्यांनी लिहा. गोव्याला काय प्यालो ते किस्से नकोत, कृती आणि मापं द्या.

फळछाटणी, पलूस

आधी द्राक्ष समजून घ्या, म्हणजे बाटलीवरची निम्मी अक्षरं कळतील. तासगाव-मिरज पट्ट्यात जी द्राक्षं दिसतात, थॉमसन, सोनाका, माणिक चमन, ती खायची किंवा बेदाण्याची. मोठा मणी, पातळ साल, बी नाही. वाईनचं द्राक्ष याच्या उलट असतं : मणी बारका, साल जाड, आत बिया, आणि गोडीबरोबर आंबटपणा टिकून राहिलेला. २००१ च्या राज्याच्या धोरणात विंचूरबरोबर पलूसलाही वाईन पार्क आलं, तेव्हा "आपल्याकडं द्राक्ष हायच की" असं बऱ्याच जणांना वाटलं होतं. पण थॉमसनच्या रसाची वाईन सपक होते. तिला ना अंग येतं ना वास.

पांढऱ्या वाईनला द्राक्ष दाबून फक्त रस आंबवतात. तांबडीला साल-बियांसकट आंबवतात, म्हणून रंग येतो आणि तुरटपणाही. हा तुरटपणा म्हणजे टॅनिन. कच्चा पेरू चावल्यावर हिरड्यांना जे ओढल्यासारखं होतं, तेच. हे लक्षात ठेवा, पुढं तिखटाशी याचीच मारामारी आहे.

ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं प्रमाण, मोजणाऱ्यांसाठी : ब्रिक्सला साधारण ०.५५ ते ०.६ ने गुणलं की अल्कोहोलची टक्केवारी येते. २२ ब्रिक्सला तोडलेल्या द्राक्षाची सगळी साखर आंबली, तर १२ ते १३ टक्के. आंबणं मध्येच थांबवलं तर थोडी साखर मागं राहते आणि वाईन गोडसर लागते. लिटरमागं ४ ग्रॅमच्या आत साखर असेल तर ती ड्राय. 'ड्राय' म्हणजे कडक नव्हे, फक्त गोड नाही एवढंच.

चुलीपाशी, मिरज

जेवणाचं मी सांगते. तांबड्या रश्श्याबरोबर तांबडी वाईन हा सगळ्यांचा पहिला अंदाज असतो, आणि तोच सगळ्यात वाईट. मिरचीनं तोंडातल्या ज्या संवेदना जाग्या होतात, त्या अल्कोहोलनं आणखी चाळवतात. त्यावर टॅनिनचा तुरटपणा आला की तिखट दुप्पट लागतं आणि वाईन नुसती कडू. १४ टक्क्यांची भारी कॅबरने सोव्हिन्यों असल्या रश्श्यासमोर वाया जाते.

तिथं तीन गोष्टी बघा : टॅनिन नाही, अल्कोहोल १२-१२.५ च्या आसपास, आणि किंचित गोडी. ती गोडी तिखटावर ताकासारखी काम करते. म्हणून नवख्यानं डोळे झाकून शेनिन ब्लाँ ही पांढरी वाईन घ्यावी. सुलाची शेनिन ब्लाँ अशीच हलकी गोडसर आहे. झिनफँडेल द्राक्षाची रोझे, म्हणजे गुलाबी वाईन, मिळाली तर तीही चालते, आणि "पांढरी म्हणजे बायकांची" म्हणणारेही ती मुकाट पितात.

पांढरा रस्सा वेगळा. नारळाचं दूध, काजू, तीळ, खसखस. तिखट कमी आणि स्निग्धपणा भरपूर. त्याला आंबटपणा असलेली वाईन हवी, म्हणजे प्रत्येक घोटानंतर जीभ साफ होते. शेनिन इथंही चालते, शार्डोने आणखी बरी. सोव्हिन्यों ब्लाँ हिरवट वासाची असते; ती काकडीची कोशिंबीर, कोवळा हुरडा, कोथिंबीर घातलेलं काहीही, यांच्याजवळ ठेवा. नारळाजवळ नको.

तांबडी वाईन आणायचीच असेल तर सुक्या मटणासाठी आणा, आणि त्यात कांदा-लसूण मसाल्याचा हात आवरा. मटणाची चरबी आणि प्रथिनं टॅनिनला धरून ठेवतात, त्यामुळं तुरटपणा खाली बसतो. शिराझ घ्या. तिच्यात मिऱ्यासारखा वास असतो, तो काळ्या मसाल्याला ओळखीचा वाटतो. भरली वांगीसुद्धा शिराझजवळ बसतात, कारण दाण्याच्या कुटाचा तेलकटपणा तेच काम करतो.

ठेचा ताटात असेल तर कुठलीच वाईन नाही. ठेचा काढा किंवा वाईन काढा.

चिमण्या

आणि शेवटी कंदी पेढा आला तर?

चुलीपाशी, मिरज

ग्लास बाजूला ठेवायचा. गोड पदार्थ वाईनपेक्षा गोड असला की वाईन चिंचेच्या पाण्यासारखी लागते. लेट हार्वेस्ट नावाची गोड वाईन मिळते, ती पेढ्याला पुरून उरते, पण एका पेढ्यासाठी वेगळी बाटली कशाला? उलट सुरुवातीला भडंग ठेवा. तळलेले दाणे, मीठ, लसूण. त्यावर थंड स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांची वाईन, फार छान जाते. मिरचीपूड बेताची असलेलं भडंग मात्र.

हिशेबी, सातारा

दुकानाचं नाव वाईन शॉप, पण आत वाईन म्हणजे दारालगतचा एक कप्पा. तोच कप्पा नेमका उन्हात असतो. बाटली हातात घेतल्यावर हे बघा :

बूच बाटलीच्या तोंडापेक्षा वर आलेलं आहे का, किंवा वेष्टणाखालून चिकट ओघळ आलाय का. तसं असेल तर वाईन तापलेली आहे, ठेवून द्या. पांढरीचा रंग फिका गवती हवा. चहासारखा झाला असेल तर ती गेली. तळाशी साखरेसारखे खडे दिसले तर घाबरू नका. ते टार्टरचे स्फटिक, द्राक्षातल्याच आम्लाचे, थंडीनं बसलेले, निरुपद्रवी.

बाटलीवरचं वर्ष बघा. जुनी तेवढी चांगली हा नियम या किमतीच्या बाटल्यांना लागू नाही. पांढरी आणि रोझे दोन वर्षांच्या आतली, साधी तांबडी तीनेक वर्षांच्या आतली घ्या. आपल्याकडं वाईनची तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते, त्यामुळं चालू सालाची पांढरी त्याच वर्षी दुकानात येऊ शकते.

सगळ्यात मोठा घोटाळा 'पोर्ट'चा. स्वस्त, तांबडी, गोड, आणि काउंटरवाला हमखास पुढं करतो. अस्सल पोर्ट पोर्तुगालच्या डौरो खोऱ्यातली, वरून स्पिरिट घालून १९-२० टक्क्यांवर नेलेली. इथं त्या नावानं जे विकतात ते गोड तांबडं पेय. मटणाबरोबर ते खोकल्याच्या औषधासारखं लागतं. शिराझ मागितली तर शिराझच घ्या.

माप : ७५० मिलीची बाटली, १५० मिलीचा ग्लास, म्हणजे बाटलीत पाच. पाच माणसं गुणिले अडीच ग्लास म्हणजे साडेबारा, म्हणजे तीन बाटल्या. त्यांतल्या दोन शेनिन, एक शिराझ. उलटं प्रमाण ठेवलंत तर तांबडी उरते आणि पांढरी साडेनऊलाच संपते. ७०० ते १००० रुपयांच्या भारतीय बाटल्या पुरेत. सुला, फ्रातेल्ली, यॉर्क, ग्रोव्हर झाम्पा, जे ताजं असेल ते. फ्रातेल्लीचे मळे अकलूजकडं आहेत, लांबचं काही नाही.

अजिंक्यतारा

वरचं सगळं बरोबर केलं आणि वाईन चुकीच्या तापमानाला दिली, तर पैसे पाण्यात. 'तांबडी रूम टेंपरेचरला' हे वाक्य युरोपातल्या गार घरांचं आहे, तिथं खोली १६-१८ अंशांची. सांगलीत एप्रिलच्या रात्री खोली ३० च्या पुढं. तेवढ्या गरम तांबडीतून आधी स्पिरिटचा भपका येतो आणि मागून उकडलेल्या फळासारखी चव. तांबडी पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवून काढा. जानेवारीत साताऱ्यात मात्र फरशीवर रात्रभर ठेवलेली बाटली तशीच द्या, बरोबर असते.

पांढरी-रोझे ८ ते १२ अंश, स्पार्कलिंग ६ ते ८. फ्रीजमध्ये अडीच-तीन तास. विसरलात तर बादली घ्या : निम्मा बर्फ, निम्मं पाणी, मूठभर जाडं मीठ, बाटली गळ्यापर्यंत बुडवून वीस मिनिटं, मधून मधून फिरवायची. नुसत्या बर्फात ठेवू नका. खड्यांमध्ये हवा राहते आणि बाटली वरवरच गार होते. पाणी चारी बाजूंनी काचेला चिकटतं, मिठानं ते शून्याच्याही खाली जातं. स्पार्कलिंग फ्रीझरमध्ये कधीच नाही. आत बाहेरच्या हवेच्या पाच-सहा पट दाब असतो, गोठली की बाटली फुटते.

बूच असेल तर : वेष्टण गळ्याच्या खालच्या कडेखाली कापा, तोंड ओल्या फडक्यानं पुसा. स्क्रूचं टोक मधोमध, सरळ. पाच-साडेपाच वळसे, शेवटचा वेढा बाहेर ठेवा. पूर्ण आत गेला तर खालून बुचाचा चुरा वाईनमध्ये पडतो. शेवटचा अर्धा सेंटीमीटर हातानं हलवत काढा. बूच मोडलं तर उरलेला तुकडा आत ढकला आणि वाईन धुतलेल्या मलमलमधून जगमध्ये गाळा. बऱ्याच भारतीय बाटल्यांना आता फिरकीचं झाकण असतं, त्यात कमीपणा काही नाही.

ग्लास एक तृतीयांशच भरा. कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास ग्लासाला लागतो, म्हणून आधी नुसत्या गरम पाण्यानं धुवून पालथे न घालता वाळवा.

चिमण्या

बर्फ थेट ग्लासात टाकला तर?

अजिंक्यतारा

नको. पाणी होतं.

चुलीपाशी, मिरज

मला नाही पटत. मे महिन्यात गच्चीवर जेवण असेल तर शेनिनमध्ये एक खडा टाकलेला परवडला, २८ अंशांची वाईन नको. तांबडीत मात्र मीही टाकणार नाही.

बेदाणा, तासगाव

दोन-तीन किरकोळ, पण दरवेळी निघणाऱ्या गोष्टी.

"वाईनमधल्या सल्फाइटनं डोकं दुखतं." सल्फाइट म्हणजे टिकण्यासाठी घालतात तो गंधकाचा पदार्थ. पिवळ्याधमक बेदाण्याला गंधकाची धुरी असते, बेदाण्याची आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोला १५०० मिलिग्रॅमपर्यंत आहे, युरोपात ड्राय तांबड्या वाईनची लिटरला १५०. मूठभर बेदाणे खाऊन डोकं दुखत नसेल तर कारण बहुधा दुसरं, आणि ते साधं असतं : पाणी कमी, वाईन जास्त. प्रत्येक ग्लासामागं एक ग्लास पाणी टेबलावरच ठेवा. दम्याच्या माणसानं मात्र सल्फाइट गांभीर्यानं घ्यावं.

"वाईन म्हणजे सरबत." १३ टक्क्यांच्या १५० मिलीत साडेएकोणीस मिली अल्कोहोल. ४२.८ टक्क्यांच्या ३० मिली व्हिस्कीत जेमतेम तेरा. म्हणजे एक ग्लास वाईन म्हणजे दीड छोटा पेग. गाडी चालवण्याची कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, अडीच ग्लासांनंतर ती सहज ओलांडते. कोल्हापूर-कऱ्हाडहून येणाऱ्यांची झोपायची सोय आधी बघा.

कडक शाकाहारी कुणी असेल तर : वाईन नितळ करायला काही ठिकाणी अंड्याचा पांढरा, जिलेटिन किंवा माशापासूनचा पदार्थ वापरतात, काही ठिकाणी बेंटोनाइट माती. बाटलीवर व्हेगन लिहिलेलं असेल तर प्रश्न मिटला.

हिशेबी, सातारा

उरलेल्याचं राहिलं. बाटली अर्धी राहिली तर ३७५ मिलीच्या स्वच्छ बाटलीत गळ्यापर्यंत भरा, झाकण घट्ट, फ्रीजमध्ये उभी. तांबडीसुद्धा फ्रीजमध्येच. हवा कमी तेवढी टिकते. दोन-तीन दिवस बरी राहते. वास ओल्या गोणपाटासारखा असेल तर तो बुचाचा दोष, पहिल्या घोटालाच कळतो, उरेपर्यंत थांबावं लागत नाही. व्हिनेगरसारखा आंबूस वास सुटला की प्यायची नाही. कांद्याच्या कोशिंबिरीत चमचाभर घाला.