शॉर्टस्टॉपला दिलेली भर आणि डेझिग्नेटेड हिटरची वजावट कितपत खरी?

धागाकर्ता

अमेरिकेतील बेसबॉलमध्ये २०२४ साली शोहेई ओहतानीला नॅशनल लीगचा एमव्हीपी (सर्वांत मौल्यवान खेळाडू) पुरस्कार एकमताने मिळाला. ५४ होम रन मारणारा आणि ५९ बेस चोरणारा (फटका नसताना पुढच्या बेसवर, म्हणजे टप्प्यावर, धावून जाणारा) हा खेळाडू कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे त्या वर्षी पिचिंग (फलंदाजाला चेंडू टाकणे) करत नव्हता आणि क्षेत्ररक्षणाला एकदाही उतरला नाही; तो डेझिग्नेटेड हिटर, म्हणजे फक्त फलंदाजी करणारा खेळाडू होता. दुसऱ्या क्रमांकावर न्यूयॉर्क मेट्सचा शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) फ्रान्सिस्को लिंडोर होता. फॅनग्राफ्स या आकडेवारीच्या संकेतस्थळाच्या 'वॉर' (साध्या बदली खेळाडूपेक्षा या खेळाडूमुळे संघाला किती विजय जास्त मिळाले) या मोजमापात पूर्ण हंगामासाठी शॉर्टस्टॉपला ७.५ धावांची भर मिळते, तर डेझिग्नेटेड हिटरच्या १७.५ धावा वजा होतात. साधारण १० धावांचा एक विजय धरला, तर केवळ जागेच्या फरकाने अडीच विजयांचे अंतर पडते.

जागेचा विचार व्हायलाच हवा, याबद्दल माझे दुमत नाही. आक्षेप आहे तो या आकड्यांना मिळालेल्या पक्केपणावर. एकाहून अधिक जागी खेळलेल्या खेळाडूंची कामगिरी जागा बदलल्यावर किती घसरते किंवा सुधारते, यावरून मुख्यतः ही श्रेणी बसवलेली आहे. परंतु अशी बदली कोणाची करायची हे व्यवस्थापक आधीच पारखून ठरवतो, त्यामुळे शॉर्टस्टॉप थर्ड बेसला गेलेला पुष्कळदा दिसतो, पण फर्स्ट बेसवाला शॉर्टस्टॉपला गेलेला जवळजवळ दिसतच नाही. डावखुऱ्या हाताने चेंडू फेकणारे तर सेकंड, थर्ड आणि शॉर्टस्टॉप या जागांवर उभेच केले जात नाहीत. अशा निवडक नमुन्यावरून काढलेला अंदाज दशांशापर्यंत छापावा, हे मला पटत नाही.

प्रतिसाद १

असहमत. क्षेत्ररक्षणाची मोजणी त्याच जागेवरील इतर खेळाडूंच्या सरासरीशी तुलना करून होते. म्हणजे सरासरी शॉर्टस्टॉप आणि सरासरी फर्स्ट बेसवाला या दोघांच्याही नावापुढे शून्यच लागते, जरी पहिल्याचे काम कितीतरी अवघड असले तरी. ही भर-वजावट काढून टाकली, तर लिंडोरसारख्यावर उघड अन्याय होईल. शिवाय एवढी वजावट होऊनही ओहतानीचे वॉर नऊच्या आसपास राहिले आणि लिंडोरचे आठच्या खाली, तेव्हा या पद्धतीने ओहतानीचे नुकसान केले असे म्हणता येत नाही.

प्रतिसाद २

वरील मुद्द्याला २०१२ चा मिगेल काब्रेरा हे उत्तम उदाहरण आहे. डेट्रॉइट टायगर्स या त्याच्या संघाने प्रिन्स फील्डरला फर्स्ट बेससाठी घेतले, म्हणून काब्रेराला थर्ड बेसला जावे लागले. आजच्या श्रेणीत त्याची वजा १२.५ वरून थेट अधिक २.५ वर बढती होते, म्हणजे १५ धावांचा लाभ. पण थर्ड बेसला तो सरासरीहून कमी पडला आणि त्या लाभाचा बराच भाग क्षेत्ररक्षणाच्या रकान्यात परत गेला. जागा आणि कौशल्य वेगवेगळे मोजल्यामुळेच हा हिशेब जुळतो, आणि त्याच वर्षी त्याने तिहेरी मुकुट (फलंदाजीची सरासरी, होम रन आणि फटक्यांवर आणलेल्या धावा या तिन्हींत लीगमध्ये पहिला क्रमांक) मिळवूनही वॉरमध्ये सेंटर फील्डर माइक ट्राउट पुढे का होता, हेही समजते.

धागाकर्ता

काब्रेराचा हिशेब मान्य आहे. परंतु डेझिग्नेटेड हिटरला क्षेत्ररक्षणाचा रकानाच नाही, त्यामुळे तिथे ही परतफेड होण्याची सोय उरत नाही आणि १७.५ हा आकडा फलंदाजीच्या आधारानेच ठरवावा लागतो. मैदानात न उतरता मधूनमधून फलंदाजीला येणारे खेळाडू एरवीपेक्षा थोडे कमी परिणामकारक ठरतात, म्हणून वजावट आणखी मोठी ठेवली नाही, असा त्यामागचा युक्तिवाद आहे. तो मला रास्त वाटतो. मात्र ते मोजमाप नव्हे, ती तडजोड आहे आणि तिला तसेच म्हणायला हवे.

प्रतिसाद ३

कॅचरबाबत मी धागाकर्त्याच्या बाजूने आहे. क्रिकेटमधील यष्टिरक्षकाप्रमाणे त्याच्याही जागी सहज दुसरा कोणी उभा राहत नाही, त्यामुळे जागाबदलाची तुलना तिथे सर्वांत लंगडी पडते. त्यातच फॅनग्राफ्सने २०१९ मध्ये 'फ्रेमिंग' म्हणजे काठावरचा चेंडू स्ट्राइक ठरेल असा झेलण्याचे कौशल्य हिशेबात घेतले आणि २००८ पासूनच्या कॅचरांचे जुने आकडे एकाही सामन्याची फेरखेळी न होता बदलले. २०२५ मध्ये कॅचर कॅल रॅलीने ६० होम रन मारले आणि अमेरिकन लीगच्या एमव्हीपीसाठी पहिल्या पसंतीची मते न्यूयॉर्क यांकीजच्या ॲरन जजला १७, तर रॅलीला १३ पडली. इतक्या अटीतटीच्या निवडीत कॅचरच्या १२.५ धावांपैकी चार-पाच इकडेतिकडे झाल्या, तर वॉरच्या आधारे मत देणाऱ्याने कोणाच्या पारड्यात मत टाकावे, याचे उत्तर प्रतिसाद १ ने द्यावे.