प्रति: ग्रिड बारीक केलं की झालं?

वर म्हटलंय की हवामानाच्या संगणकीय मॉडेलचं ग्रिड (हिशेबाच्या बिंदूंची जाळी) ३ किमीवरून १ किमीवर आणलं की खारे वारे मॉडेलमध्ये आपोआप नीट दिसतात. अर्धंच पटलं. मॉडेलला एखादी गोष्ट धड दिसायला ती ग्रिडच्या अंतराच्या साधारण सहा-सातपट मोठी लागते. खाऱ्या वाऱ्यांची आघाडी (थंड-गरम हवेची सीमा) एखाद-दोन किमी रुंद, म्हणजे १ किमीलाही ती फुगलेलीच येणार. १ किमीखाली गेलात तर हवेतले भोवरे काही प्रमाणात मॉडेल स्वतः सोडवतं आणि तेच भोवरे सीमास्तराची (जमिनीलगतच्या हवेच्या थराची) अंदाजी सूत्रं, म्हणजे योजना, पुन्हा धरते. दुहेरी हिशेब!

सरोवरावरून जमिनीकडे येणाऱ्या अशाच वाऱ्यांबाबत, म्हणजे सरोवरी वाऱ्यांबाबत, तर मला पाण्याच्या तापमानाची धास्ती जास्त. डब्ल्यूआरएफला (हवामानाच्या एका मॉडेलला) दिलेल्या ढोबळ तापमान-नकाशात लहान सरोवर नसेल, तर दुसऱ्याच जलाशयाचं, प्रसंगी दूरच्या समुद्राचं तापमान तिथे चिकटू शकतं. बिग्ज आणि ग्रेव्हज यांचा १९६२ चा सरोवरी वाऱ्यांचा निर्देशांक घ्या: वाऱ्याच्या वेगाचा (मीटर/सेकंदात) वर्ग भागिले जमिनीवरची हवा व पाणी यांच्या तापमानातला फरक, सूत्रातला हवेच्या विशिष्ट उष्णतेचा गुणक जवळपास १, म्हणून सोडला. उत्तर ३ च्या खाली आलं तर सरोवरी वारा सुटण्याची शक्यता. वारा ६, हवा १९ अंश, पाणी ४ अंश: ३६ भागिले १५, म्हणजे २.४. मॉडेलने पाणी ११ अंश धरलं की तेच ४.५. सरोवरी वारा गायब, आणि दोष ग्रिडच्या माथी.

तेव्हा ग्रिडवर संगणकाचे तास उधळण्याआधी मॉडेलच्या सुरुवातीच्या फाइलमधलं पाण्याचं तापमान नकाशावर काढून इथे टाका. उपग्रहाच्या आकड्यांशी ताडून पाहू.