मदत हवी आहे : कॅमेरा ट्रॅपच्या फोटोंवर तारीख चुकीची

टिटवी : कॉलेजच्या इंटर्नशिपवर अभयारण्यात आहोत. प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणाऱ्या एका कॅमेऱ्याने १ जानेवारीपासून तारखा टाकल्यात. गव्यांचा कळप रात्री २ वाजता, तोही लख्ख उन्हात! सोमवारी सरांना डेटा द्यायचाय. सगळ्या फोटोंची तारीख एकदम कशी बदलायची? लवकर सांगा.

भटका_जीव : कुठलं अभयारण्य? कॅमेरा कोणता? सगळेच फोटो की मधूनच?

टिटवी : सह्याद्रीत, नाव सांगायला मनाई आहे. कॅमेरा हिरवा आहे. मित्राने सेल बदलले तिथपासूनचे.

भटका_जीव : हे आधी सांगायचं ना! सेल काढले की काही कॅमेऱ्यांचं घड्याळ मूळ तारखेवर जातं. कॅमेरा काढताना तुमचे पाय फोटोत आले असतील. त्या फोटोवरची वेळ आणि डेटाशीटवर लिहिलेली कॅमेरा काढल्याची वेळ, यांतला फरक सेल बदलल्यानंतरच्याच फोटोंना लावा. एक्झिफटूल या सॉफ्टवेअरने होतं. आधी कॉपी काढा.

मचाणवाले काका : आम्ही बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावर प्राणी मोजायला वही घेऊन बसायचो. वहीचे सेल संपत नाहीत.

रानवाटा : काका, एकच गवा तीन पाणवठ्यांवर गेला की तीन गवे! म्हणून तर आता त्याला निसर्गानुभव म्हणतात. आणि वाघ मोजायला नुसत्या पायांच्या ठशांवर विसंबल्याचं फळ २००५ साली राजस्थानातल्या सरिस्कात दिसलं : कागदावर वाघ, जंगलात एकही नाही.

मचाणवाले काका : सरिस्कातले वाघ शिकाऱ्यांनी मारले, ठशांनी नव्हे.

गणपुले : फोटोंना हातच कशाला लावता? वेळा एक्सेलमध्ये घ्या, तिथे फरक मिळवा. पाच मिनिटांचं काम.

भटका_जीव : आणि पुढच्या वर्षी फोटो उघडणाऱ्याला परत १ जानेवारीच दिसणार.

टिटवी : डेटाशीटवर तारीख आहे, वेळ नाही 😭

रानवाटा : समोरासमोर कॅमेऱ्यांची जोडी लावली होती का? वाघ-बिबट्याच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे-ठिपके वेगळे, म्हणून लावतात तशी.

टिटवी : हो, समोरच्याची वेळ बरोबर आहे.

रानवाटा : अगं मग सुटलंच की! तोच कळप दोन्हीकडे शोध. आधी कुठला गवा आला ते शिंगांवरून जुळव, फरक मिनिटापर्यंत मिळेल. मग दिवसाचे रंगीत आणि रात्रीचे काळे-पांढरे फोटो वेळेशी जुळतात का बघ.

पाणमांजर : वाघाटी (छोटं रानमांजर) आली असेल तर फोटो टाका, ओळखून देतो. लोक बिबट्याचं पिल्लू समजतात.

भटका_जीव : टिटवी, टाकू नकोस. पाणमांजर, तिने कुठे विचारलंय?

सोनकी : या इंटर्नशिपला अर्ज कुठे करायचा? बीकॉमवाले चालतात का?