'सँक्शन' : मंजुरी आणि निर्बंध

'सँक्शन' या इंग्रजी शब्दाला मंजुरी आणि दंड असे दोन परस्परविरुद्ध अर्थ निव्वळ योगायोगाने चिकटले, असे काही जण म्हणतात; ते मला पटत नाही. हा शब्द ज्या लॅटिन क्रियापदापासून आला, त्याचा अर्थ एखादी गोष्ट विधिपूर्वक अनुल्लंघनीय ठरवणे असा आहे आणि रोमन कायद्यात 'सांक्तिओ' म्हणजे कायदा मोडणाऱ्याची शिक्षा सांगणारे कलम. नियमामागे अधिकाराचे बळ उभे करणे ही मूळ कल्पना. तिची एक फांदी संमतीकडे गेली, दुसरी शिक्षेकडे.

आपल्या बोलण्यात पहिलाच अर्थ मुरला आहे. कर्ज सँक्शन होते, रजा सँक्शन होते आणि लोकसेवकावर खटला भरण्यासाठी लागणारी सरकारची पूर्वपरवानगी, तीही सँक्शनच. दुसरा, म्हणजे दंडाचा किंवा निर्बंधाचा अर्थ मुख्यतः 'सँक्शन्स' या अनेकवचनी नामात आढळतो. ॲबिसिनियावरील (आजच्या इथिओपियावरील) आक्रमणानंतर १९३५ मध्ये राष्ट्रसंघाने (संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या 'लीग ऑफ नेशन्स'ने) इटलीवर घातलेले निर्बंध हे त्याचे ठळक उदाहरण. एकवचन-अनेकवचनाची ही खूण भाषांतरकाराने डोळ्यांत तेल घालून पाहावी, असे मला कळकळीने वाटते, कारण माझ्याकडे तपासायला आलेल्या एका मजकुरात 'इराणवरील निर्बंध' या जागी 'इराणला दिलेल्या मंजुऱ्या' असे छापायला निघाले होते.