मदत हवी आहे: एक्सरच्या दगडी घराला लागून असलेला गोठा पाडला तर मधली भिंत टिकेल का?

नमस्कार मंडळी,

बोरिवली पश्चिमेला एक्सर गावठाणात आमचं पणजोबांच्याही आधीपासूनचं शेतघर आहे. भाताची खाचरं केव्हाच गेली, तिथे टॉवर आलेत. घर मात्र उभं आहे, आणि त्याला चिकटून गोठा. धाकटे काका म्हणतात, गोठा पाडू, दोन गाड्या राहतील. कंत्राटदार बघून गेला, "दोन दिवसांचं काम" म्हणाला. मला ते पटत नाहीये, पण काकांपुढे नुसतं "नको" म्हणून चालणार नाही.

ओटी, माजघर, स्वयंपाकघर, वर माळा अशी रचना. भिंती काळ्या दगडाच्या, दोन फूट जाड. आतून-बाहेरून घडीव दगड आणि मध्ये चिपा-चुन्याचा भराव. घराला आणि गोठ्याला आढं वेगळं नाही. घराचंच पाखं, म्हणजे छपराचा उतार, माजघराच्या भिंतीवरून खाली गोठ्यावर उतरवलंय. म्हणजे दोघांत भिंत एकच. माळ्याच्या तुळया तिच्यात एका बाजूने रोवलेल्या, आणि गोठ्याचे वासे दुसऱ्या बाजूने तिच्यावरच टेकलेले.

परवा टॉर्च घेऊन कोपरे तपासले. गोठ्याच्या आडव्या भिंती मधल्या भिंतीला जिथे मिळतात, तिथे खालच्या चार फुटांत दगड एकमेकांत गुंतलेत. वर मात्र सरळ उभी सांध आहे. माझा अंदाज असा की जोतं आणि खालचा भाग घराबरोबरच उठला, वरचा नंतर रचला. तसं असेल तर या आडव्या भिंती मधल्या भिंतीला आधार देताहेत, आणि त्या काढल्या की वीस फुटांची भिंत एका बाजूने उघडी पडेल. जुन्या दगडी बांधकामात काम केलेल्या कुणी सांगाल का, हा अंदाज बरोबर आहे का?

वयाचा एक धागा कौलांत सापडला. काही मंगलोरी कौलांवर बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेच्या कौल-कारखान्याचा शिक्का आहे. मंगळूरचा तो कारखाना १८६५ मध्ये सुरू झाला, आणि पहिल्या महायुद्धानंतर कॉमनवेल्थ ट्रस्ट या कंपनीकडे गेला. पण कौलं बदलतात, दुसऱ्या घरावरूनही येतात, त्यामुळे यावरून भिंतींचं वय ठरत नाही. भिंती जुन्या असाव्यात असं मला दगडांच्या सांध्यांतल्या चुन्यावरून वाटतं. त्यात शिंपल्यांचे तुकडे दिसतात.

आता खरी काळजी. मधल्या भिंतीला माजघराच्या बाजूने लोणा (ओलीबरोबर वर येणारा क्षार) लागलाय, जमिनीपासून तीन फुटांपर्यंत. पंधरा वर्षांपूर्वी वडिलांनी तिथे सिमेंटचा गिलावा करून घेतला होता, तेव्हापासूनच हे वाढलं. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडतं, हे आता कळतंय. त्यातून इथला पाऊस वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर. पण उन्हाळ्यातही ती भिंत ओली का, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. मग आत्याने आठवण करून दिली, गव्हाण त्याच भिंतीला होती. बैलं आणि म्हशी वर्षानुवर्षं तिथे बांधलेली. गोमूत्राची नाली तिच्या पायाशीच. पूर्वी सोरा (बंदुकीच्या दारूत लागणारा क्षार) गोठ्याच्या मातीतूनच काढत, आणि असे क्षार हवेतलं पाणी ओढून घेतात. मला वाटतं, आमच्या भिंतीत तेच मुरलंय. तसं असेल तर गोठा पाडून भिंत उघड्यावर आणली, वर पुन्हा सिमेंट थापलं, तर दुखणं वाढेलच ना?

म्हणून विचारते: सिमेंटचा गिलावा दगडाची कड न उडवता कसा काढायचा, छिन्नीने की यंत्राने? क्षार शोषायला भिंतीवर ओल्या चुन्याचा किंवा मातीचा थर देऊन काढतात असं ऐकलंय, कुणी प्रत्यक्ष केलंय का? चुन्यात काम करणारा गवंडी मुंबईत, वसईत, अलिबागकडे कुठेही असला तरी चालेल. त्याच्याकडून मळलेला चुना मिळेल का तेही सांगा. आणि गाड्यांसाठी गोठ्याचं फक्त बाहेरचं तोंड रुंद करून, आडव्या भिंती तशाच ठेवून चालेल का? तसं जमत असेल तर काकांना मी समजावू शकेन.

कंत्राटदार दिवाळीनंतर येणार आहे. कोपऱ्यांचे आणि तुळयांचे फोटो उद्या टाकते.