जितकं जहाल तितकं घातक? लिस्टेरियात उलटं आहे

जिवाणूचं प्रथिन जितकं जहाल तितका आजार मोठा, असं म्हटलं जातं. पेशीबाहेर वाढणाऱ्या काही जिवाणूंना ते लागू पडेल, पण पेशीच्या आतच मुक्काम ठोकणाऱ्यांना नाही. लिस्टेरिया मोनोसायटोजीनिस हा जिवाणू घ्या. भक्षक पेशीने (जंतू गिळणारी शरीराची संरक्षक पेशी) गिळल्यावर तो पटलाच्या, म्हणजे पातळ आवरणाच्या, एका पिशवीत अडकतो. पिशवी आम्लधर्मी होत जाते आणि सामू (pH; ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल) ५.५ च्या आसपास आला की त्याचं लिस्टेरिओलायसिन ओ हे प्रथिन जोरात कामाला लागतं, पटलाला भोकं पाडतं आणि जिवाणू पेशीद्रवात निसटतो. तिथे सामू ७ च्या जवळपास, त्यामुळे प्रथिन थंडावतं आणि पेशीचं बाहेरचं पटल शाबूत राहतं. आता खरी गंमत पाहा. संशोधकांनी या प्रथिनातलं एकच अमिनो आम्ल बदलून ते उदासीन सामूलाही चालेल असं केलं. म्हणजे विष वाढलं. पण या जिवाणूने आपलीच यजमान पेशी फोडली, तो उघड्यावर पडला आणि उंदरांमध्ये त्याची रोगकारकता घटली!

पेशी जिवंत हवी, कारण पुढचा प्रवास तिच्याच सामानावर होतो. जिवाणूच्या एका टोकाला अ‍ॅक्टए हे प्रथिन असतं. ते यजमान पेशीचा सांगाडा घडवणारं प्रथिन अ‍ॅक्टिन जुळवून मागे धूमकेतूसारखी शेपटी तयार करतं, आणि तिच्या रेट्याने जिवाणू थेट शेजारच्या पेशीत घुसतो. वाटेत प्रतिपिंडांशी (पेशीबाहेर जंतूंना पकडणारी शरीराची प्रथिनं) गाठच पडत नाही. नव्या पेशीत तो दुहेरी पटलात अडकतो, आणि तिथे पुन्हा लिस्टेरिओलायसिन लागतंच.